नीटसाठी क्लास निवडताना: डेमो लेक्चरपासून पावतीपर्यंत

दहावीचा निकाल लागला की आठ-पंधरा दिवसांत आमच्या घरी माणसं यायला लागतात. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि माझी मोठी मुलगी नीट देऊन एमबीबीएसला लागली, त्यामुळे या बाईला यातलं कळतं असा गावात समज आहे. आलेल्यांच्या हातात चार-पाच क्लासेसची गुळगुळीत माहितीपत्रकं असतात. चहा होईपर्यंत पावसापाण्याच्या गप्पा होतात आणि मग वडील हळूच विचारतात, "मॅडम, पोरीला लातूरला टाकावं का कोट्याला?"

मी त्यांना उलट विचारते, "तिच्या बॅचला फिजिक्स कोण शिकवणार आहे?" सगळे माहितीपत्रकं चाळतात. त्यात डॉक्टर झालेल्या मुलांचे फोटो असतात, संचालकांचं मनोगत असतं, एसी वर्गांची चित्रं असतात. रोज सकाळी फळ्यासमोर कोण उभं राहणार, एवढंच कुठे लिहिलेलं नसतं. घरातली दोन वर्षं आणि दोन-तीन लाख रुपये ज्या माणसाच्या भरवशावर टाकायचे, त्याचं नावसुद्धा माहीत नसतं. क्लास निवडणं म्हणजे मुळात हा माणूस शोधणं आणि आपल्या मुलाचा तपासलेला पेपर हातात धरून कुणी दहा मिनिटं बसणार आहे का, हे बघणं. बाकीच्या गोष्टी यानंतर येतात.

आधी परीक्षा काय मागते ते बघा

२०२५ पासून नीटचा पेपर १८० प्रश्नांचा, १८० मिनिटांचा आणि ७२० गुणांचा आहे. जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. २०२१ ते २०२४ या वर्षांत थोडे पर्यायी प्रश्न असायचे आणि २०२२ पासून वेळही वीस मिनिटं जास्त होता. ती सवलत गेली. क्लासवाले जुन्या नमुन्याचे पेपर अजून सोडवून घेतात का, हे विचारून घ्या. परीक्षेचं दर वर्षीचं माहितीपत्रक ती घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या संकेतस्थळावर येतं, ते पालकांनी स्वतः वाचावं.

म्हणायला एका प्रश्नाला एक मिनिट. प्रत्यक्षात जीवशास्त्र पन्नास मिनिटांच्या आत उरकलं, तरच भौतिकशास्त्राच्या गणितांना श्वास मिळतो. जीवशास्त्र बहुतांशी एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसई शाळांत लागणाऱ्या पुस्तकांच्या, ओळीओळीतून येतं, अगदी आकृतीखालच्या मजकुरातूनही. ज्यांनी दहावीपर्यंत राज्य मंडळाची पुस्तकं वाचली आहेत, त्यांना ही सवय अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून लावावी लागते. म्हणून क्लास निवडताना जीवशास्त्रापेक्षा भौतिकशास्त्राचा शिक्षक आधी पाहावा, असं माझं मत आहे. मी त्या विषयाची आहे म्हणून नाही. पाठ करून निभावता न येणारा विषय तोच आहे, आणि २०२५ च्या पेपरात त्याने भल्याभल्यांना घाम फोडला.

आता स्पर्धेचा आकडा. २०२५ ला साधारण २२ लाख मुलांनी परीक्षा दिली. देशातल्या एमबीबीएसच्या सरकारी-खासगी जागा मिळून सव्वा लाखाच्या आत-बाहेर आहेत. म्हणजे कुठलाही क्लास लावला तरी बहुतेक मुलांना एमबीबीएस मिळणार नाही, आणि हे मुलाला आधीच मोकळेपणाने सांगितलेलं बरं. याच गुणांवर बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएसचे प्रवेशही होतात. फार्मसी आणि कृषीसाठी पीसीबी (भौतिक, रसायन, जीव) गटाची एमएचटी-सीईटी ही राज्याची परीक्षा असते. क्लास या सीईटीची तयारीही करून घेतो की तिचं नावच काढत नाही, हे विचारा.

क्लासच्या दारात जाण्याआधी, घरी

मुलीला किंवा मुलाला एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्रातला एक धडा द्या. पेशीवरचा द्या, तो दहावीनंतर जमण्यासारखा असतो. तीन दिवसांनी त्यावरचे वीस प्रश्न सोडवायला सांगा. गुण मोजू नका. तीन दिवसांत पुस्तक कितीदा आपणहून उघडलं आणि इंग्रजी वाक्याला कुठे अडखळायला झालं, तेवढं बघा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची खरी अडचण पहिल्या चार महिन्यांत भाषेचीच असते, आणि ती हुशारीची अडचण समजून मुलं खचतात. नीटचा पेपर मराठीसह १३ भाषांत मिळतो हे खरं, पण क्लासचं साहित्य, टेस्ट सिरीज आणि डाउट सोडवायची पुस्तकं बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतात. शिवाय भाषांतरात काही संदिग्ध वाटलं, तर इंग्रजी प्रश्नच प्रमाण मानतात.

म्हणून शिकवणं कुठल्या भाषेत होतं, हे पहिल्या पाच प्रश्नांत विचारा. लातूर, नांदेड, अकोल्याकडे बऱ्याच वर्गांत समजावणं मराठीत आणि संज्ञा इंग्रजीत, अशी पद्धत असते. कोट्याला समजावणं हिंदीत चालतं. आमच्याकडची खेड्यातली पोरं हिंदी समजतात, पण भर वर्गात उभं राहून हिंदीत शंका विचारायला लाजतात. वर्षभर शंका न विचारलेलं मूल मार्चमध्ये कुठे उभं असतं, ते मी पाहिलं आहे.

पैशांचा हिशेबही याच वेळी करा, कागदावर. क्लास सांगतो ती फी आणि तुम्ही भरता ती फी यांत फरक असतो, कारण त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. १ लाख २० हजार सांगितले की भरायचे १ लाख ४१ हजार ६०० होतात. सांगितलेला आकडा करासह आहे का, ते तिथल्या तिथे विचारा. त्यात वसतिगृह, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, येण्याजाण्याचं भाडं आणि आजारपणाचे पैसे घाला. मी पालकांना सांगते की दोन वर्षांसाठी जेवढी ऐपत आहे, तेवढी सगळी क्लासवर लावू नका. पुढे मेडिकलच्या प्रवेशाच्या वेळी पहिल्या वर्षाची फी, वसतिगृह, पुस्तकं यांना हातात रोख लागते. शेत गहाण ठेवून क्लास लावू नये, एवढं मी हात जोडून सांगते. त्या ओझ्याखाली मूल पेपर लिहू शकत नाही.

कुठल्या प्रकारचा क्लास

चार-पाच प्रकार आहेत. इंटिग्रेटेड कॉलेजात महाविद्यालय आणि क्लास एकाच छताखाली असतात. दुसरा प्रकार चांगलं कनिष्ठ महाविद्यालय आणि वेगळा क्लास. तिसरा बाहेरगावी राहून मोठा क्लास. चौथा ऑनलाइन. आणि पाचवा, ज्याला लोक कमी लेखतात तो, म्हणजे गावातला एखादा चांगला शिक्षक आणि जोडीला बाहेरची टेस्ट सिरीज.

इंटिग्रेटेडमध्ये प्रवासाचा वेळ वाचतो, पण प्रयोगशाळा उघडतात का ते बघून घ्या. एमबीबीएसच्या प्रवेशाला बारावीत पीसीबीला खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के लागतात. नीटमध्ये उत्तम गुण असूनही बोर्डात घसरलेली मुलं असतात. शिवाय २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, त्यामुळे "कॉलेजचं आम्ही बघतो, तुम्ही फी भरा" असं कुणी म्हटलं तर कुठलं कॉलेज, कुठल्या फेरीतून आणि तिथे जागा न मिळाल्यास फीचं काय, हे लेखी घ्या.

परराज्यात पाठवण्याबाबत एक गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत असते. महाराष्ट्रातल्या ८५ टक्के राज्य कोट्यातून प्रवेश घ्यायचा, तर केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे मोजके अपवाद सोडता दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेली लागते. मुलाला राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला नेऊन तिथल्याच शाळेत बारावी केली, तर घरचा कोटा हातचा जातो आणि सरकारी जागांसाठी राहतो फक्त १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा. यावर काही क्लासेस "नाव इथल्या कॉलेजात, मूल तिथे" असा मार्ग सुचवतात. हजेरीची अट ७५ टक्के असते आणि अशा नावापुरत्या प्रवेशांवर सीबीएसईने गेल्या काही वर्षांत कारवाई केली आहे. मी त्या वाटेला कुणाला पाठवत नाही. बारावी महाराष्ट्रातून झाल्यावर रिपीटर म्हणून, म्हणजे पुन्हा नीट द्यायला, बाहेर जायचं असेल, तर ही अडचण येत नाही.

ऑनलाइनबद्दल थोडक्यात. काही हजार रुपयांत चांगले शिक्षक घरी मिळतात, ही मोठी गोष्ट आहे. पण व्हिडिओ पाहणं म्हणजे अभ्यास झाला, असं मुलांना वाटतं. ज्या घरात आई-वडील रोज संध्याकाळी "आज किती प्रश्न सोडवले" एवढं विचारू शकतात आणि महिन्यातून दोनदा तरी ओएमआर कागदावर (गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर), पेन घेऊन, दुपारी दोन ते पाच या वेळेत परीक्षा देता येते, तिथे हा प्रकार छान चालतो.

ज्यांना यातलं काहीच परवडत नाही, त्यांनी क्लासच्या दारात जाण्याआधी सरकारी दारं ठोठवावीत. नागपूरची महाज्योती ही संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नीट-जेईईचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण, टॅब आणि डेटा देते. तिचे अर्ज दहावीच्या निकालानंतर निघतात, तारीख चुकवू नका. केंद्र सरकारचं 'साथी' हे आयआयटी कानपूरच्या मदतीने चालणारं संकेतस्थळ मोफत आहे. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' गरीब घरच्या मुलांना नीटसाठी मोफत शिकवतं आणि तिथून मेळघाटातली मुलंही डॉक्टरकीला लागली आहेत.

फ्लेक्सवरचे चेहरे

मे-जूनमध्ये लातूरच्या ट्यूशन एरियातून चालत गेलात तर आकाश दिसत नाही, एवढे फलक असतात. ते वाचायला शिका. फलकावरची मुलगी दोन वर्षं त्या वर्गात बसली होती, की शेवटचे दोन महिने फक्त टेस्ट सिरीज घ्यायला आली होती? एकच चेहरा तीन फलकांवर दिसतो तो याचमुळे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो निकालानंतर त्याच्या लेखी संमतीशिवाय लावता येत नाही, आणि त्याने कुठला कोर्स, किती काळ केला, हेही जाहिरातीत सांगावं लागतं. "हिने कोणता कोर्स केला?" असं काउंटरवर सरळ विचारा. उत्तर देताना माणूस कसा चाचरतो, त्यातही माहिती असते.

गुणांची तुलना करताना वर्ष पाहा. २०२४ ला सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते आणि ६५० च्या वर देशभरात शंभरसुद्धा विद्यार्थी नव्हते. तेव्हा "आमचे ६५० प्लस इतके" या फलकाला वर्षाशिवाय काही अर्थ नाही. रँक विचारा. आणि रँक विचारली की लगेच पुढचा प्रश्न: गेल्या वर्षी एकूण किती मुलं बसली होती? निवड झालेली चाळीस, हा आकडा दोनशेंतला आहे की चार हजारांतला, यावर सगळं अवलंबून आहे.

यापेक्षा चांगली माहिती मुलांकडून मिळते. तिथे शिकलेल्या दोघांशी बोला, एक निवड झालेला आणि एक न झालेला. दुसऱ्याशी बोलणं जास्त मोलाचं. तो कुठल्या बॅचमध्ये होता, वर्षात किती शिक्षक बदलले, टेस्टमध्ये घसरल्यावर त्याला कुणी बोलावून विचारलं का, हे त्याला विचारा. मोठ्या क्लासमध्ये परीक्षेच्या गुणांवरून मुलांची छाननी होते आणि वरच्या बॅचला नामांकित शिक्षक मिळतात. फी मात्र सगळ्यांची सारखीच असते. तुमचं मूल पहिल्या तीन महिन्यांत कुठल्या बॅचमध्ये जाईल हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून खालच्या बॅचला कोण शिकवतं ते विचारा.

डेमो लेक्चर कसं बघायचं

हॉलमध्ये पालकांसाठी ठेवलेल्या खास कार्यक्रमाला डेमो समजू नका. चालू बॅचमध्ये सलग दोन-तीन दिवस बसू द्या, अशी विनंती करा, आणि मुलाला मागून तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसवा. मागून फळा वाचता येतो का, आवाज येतो का, वर्गात एकूण किती डोकी आहेत, हे त्यालाच मोजू द्या. शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात एका विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा सांगितली आहे. शिक्षक किमान पदवीधर असावेत आणि त्यांची पात्रता संकेतस्थळावर द्यावी, असंही त्यात आहे.

धाकटीच्या वेळी आम्ही मायलेकी दोन क्लासमध्ये बसलो. योगायोगाने दोन्हीकडे न्यूटनचे नियम चालू होते. पहिल्या ठिकाणी सरांनी लिफ्टचं उदाहरण घेतलं. साठ किलोचा माणूस वजनकाट्यावर उभा, लिफ्ट दोनच्या त्वरणाने वर निघाली, काटा ७२० न्यूटन दाखवेल. सूत्र चौकटीत, पुढचं गणित. मधल्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "सर, लिफ्ट वर जातेय पण थांबत आलीय, तर?" सर म्हणाले, "डाउट काउंटरला विचार." आणि पुढे गेले.

दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ हाच प्रश्न आला. तिथल्या मॅडम थांबल्या. फळ्यावर वर जाणारा बाण काढला, त्याच्या शेजारी खाली जाणारा छोटा बाण काढला आणि वर्गालाच विचारलं, "वर जातेय हे वेगाचं झालं. त्वरण कुठे आहे?" दहा-बारा आवाज आले, निम्मे चुकीचे. एका चुकीच्या उत्तराला त्यांनी पुढे बोलावलं, खडू दिला आणि ४८० न्यूटन त्याच्याच हातून काढून घेतलं. पाच मिनिटं गेली. माझ्या धाकटीने बाहेर आल्यावर वडापाव खाताना मला ते परत समजावून सांगितलं, आपणहून. क्लास तिथेच ठरला. इमारत साधी होती आणि जिन्यात चपलांचा ढीग होता.

तेव्हा डेमोहून आल्यावर मुलाला "आवडलं का" असं विचारू नका. "काय शिकवलं, मला सांग" असं म्हणा. शेती करणाऱ्या, नीटचं काही न कळणाऱ्या आईलाही मूल काही सांगू शकतंय का, ते कळतं.

तपासलेला पेपर मागा

क्लासच्या कार्यालयात गेलात की गेल्या वर्षीचं टेस्टचं वेळापत्रक आणि एखाद्या मुलाचा विश्लेषण केलेला पेपर दाखवा म्हणा, नाव झाकून. बहुतेक जागी संगणकावरचा रंगीत आलेख दाखवतात: तुमच्या मुलाचे गुण, बॅचची सरासरी, रँक. तो चांगलाच, पण त्याने मूल सुधारत नाही.

माझ्या मोठीच्या बारावीतल्या एका टेस्टचा पेपर मी अजून ठेवला आहे. ११८ बरोबर, ४१ चूक, २१ सोडलेले. गुण ४३१. क्लासने मेसेज पाठवला, "अधिक मेहनतीची गरज." त्या रविवारी रात्री आम्ही दोघी लाल पेन घेऊन बसलो आणि ४१ चुका एकेक करून वेगळ्या केल्या. १८ ठिकाणी तिला येतच नव्हतं, अंदाजाने गोल भरले होते. असे अंदाज तिने एकूण २२ मारले होते, त्यातले चार लागले. म्हणजे १६ मिळाले, १८ गेले, हाती उणे दोन आणि वेळ वाया. नऊ ठिकाणी आकडेमोड चुकली होती. उरलेल्या १४ ठिकाणी उत्तर तिला पक्कं माहीत होतं. प्रश्नात "अयोग्य विधान निवडा" असं होतं आणि तिने योग्य विधान निवडलं होतं, किंवा जोड्या लावताना पर्याय पूर्ण वाचले नव्हते. एका चुकीमागे चार मिळायचे राहिले आणि एक गेला, म्हणजे १४ चुकांचे ७० गुण. तिला जास्त मेहनतीची नव्हे, "अयोग्य" या शब्दाभोवती पेनाने गोल करायच्या सवयीची गरज होती.

हे काम क्लासमध्ये कोण करतं, एवढं विचारा. कुठला शिक्षक, कुठल्या वारी, किती मुलांमागे एक. काही छोट्या क्लासमध्ये दर टेस्टनंतर मुलाकडून चुकांची वही लिहून घेतात आणि शिक्षक ती बघतो. असा क्लास मिळाला, तर त्याच्या इमारतीकडे आणि फलकाकडे पाहू नका.

पैसे भरताना

इथे मी स्वतः ठेच खाल्ली. मोठीच्या वेळी दोन वर्षांची फी एकदम भरली तर सूट मिळणार होती. मी भरली. पहिल्याच वर्षी ऑक्टोबरात भौतिकशास्त्राचे सर समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या क्लासला गेले, त्यांच्या पाठोपाठ रसायनाचेही. नवे सर आले ते डिसेंबरात. मी पैसे परत मागायला गेले, तेव्हा प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावरची बारीक अक्षरातली ओळ मला दाखवण्यात आली. फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. खाली सही माझीच होती.

तेव्हापासून मी सांगते: हप्त्यानेच भरा. सूट गेली तरी चालेल. अर्जाची दोन्ही पानं घरी आणून वाचा, तिथेच सही करू नका. जानेवारी २०२४ च्या सूचनांत म्हटलं आहे की पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला, तर उरलेल्या काळाची फी, वसतिगृह आणि मेसच्या पैशांसह, दहा दिवसांत परत द्यावी, आणि कोर्स चालू असताना फी वाढवू नये. या सूचना राज्यांनी अमलात आणायच्या आहेत, त्यामुळे केवळ त्यांच्या जोरावर पैसे लगेच मिळतील असं धरून चालू नका. पण त्यांचा उल्लेख करून परताव्याची अट आधीच लेखी मागता येते. जो क्लास ती द्यायला तयार नाही, त्याच्याबद्दल तुम्हाला पुरेसं कळलं.

पावती जीएसटी क्रमांकाची घ्या. "कर वाचवायचा असेल तर रोख द्या" असं म्हणणाऱ्याला रोख देऊ नका, पुढे भांडायला कागद राहत नाही. शून्य व्याजाचा हप्ता म्हणून कागद पुढे केला, तर तो क्लासचा हप्ता आहे की एखाद्या वित्तसंस्थेचं तुमच्या नावावरचं कर्ज, ते विचारा. कर्ज असेल तर क्लास बंद पडला तरी हप्ते तुमच्याच खात्यातून जात राहतात. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात फी परतीची प्रकरणं चालतात.

स्कॉलरशिप टेस्टमध्ये नव्वद टक्के सूट मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. मूळ फी कितीची धरली आहे ते बघा. आणि "आज रात्रीपर्यंतच ही सवलत" असा फोन आला, तर फोन ठेवून द्या.

राहण्याजेवण्याचं

खोली दुपारी दाखवतात, तुम्ही रात्री नऊला परत जा. जिन्यात दिवा आहे का, गेटवर कोण बसतं, अभ्यासिकेतून मुली परत येतात तो रस्ता कसा आहे, हे तेव्हाच कळतं. मेसमध्ये पैसे देऊन एक वेळ जेवा. मराठवाड्यात असाल तर एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून येतं हे विचारा. नेमकी परीक्षेच्या तोंडावर मुलं पोट बिघडून पडतात.

जानेवारी २०२४ च्या त्याच सूचनांनुसार वर्ग दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नसावेत आणि आठवड्याची सुट्टी असावी. ज्या क्लासचं वेळापत्रक सकाळी सहा ते रात्री दहा आहे, तिथे मूल स्वतः वाचणार कधी? काही पालकांना हेच वेळापत्रक फार आवडतं. मला त्याची भीती वाटते. घरी फोन करायला मुलांना रोज मोकळीक हवी, आणि फोनवर गुणांआधी जेवणाचं विचारावं. आवाज बदललाय, बोलणं तुटक झालंय, झोप येत नाही म्हणतोय, असं जाणवलं तर टेस्टचं वेळापत्रक न बघता त्याच दिवशी गाडीत बसून जा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो मुलाच्या फोनमध्ये घालून द्या.

लावल्यानंतरचे दोन महिने, आणि रिपीट

पहिल्या दोन महिन्यांत चार गोष्टी एका वहीत लिहा: रोज किती प्रश्न स्वतः सोडवले, किती शंका विचारल्या, त्यांतल्या किती सुटल्या, आणि टेस्टमधल्या "येत असून चुकलेल्या" प्रश्नांची संख्या. गुण सुरुवातीला कमीच येतात. पण शंकांचा रकाना दोन महिने कोराच राहिला, तर आधी बॅच बदलून मागा, मग क्लास. सोडायचं ठरलं तर अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. उरलेल्या पैशांचं मोजमाप त्या तारखेपासून होतं.

रिपीटर बॅचची जाहिरात पेपरच्या दुसऱ्या दिवशीच सुरू होते. निकाल आणि चुकांचा हिशेब हातात आल्याशिवाय तिथे पैसे भरू नका. आकडेमोड आणि वाचण्याच्या चुका जास्त असतील, तर एक वर्ष खरोखर कामी येतं. अकरावीचा अर्धा अभ्यासक्रमच कोरा असेल, तर रिपीटर बॅचच्या वेगात तो भरून निघत नाही, कारण तिथे सगळं पुन्हा पहिल्यापासून पण दुप्पट वेगाने चालतं. अशा मुलाला छोट्या वर्गात, शांतपणे शिकवणारा माणूस शोधावा. त्याच क्लासला परत जायचं का, हे मुलाला ठरवू द्या. पहिल्या वर्षी तिथे काय झालं, हे त्याच्याइतकं तुम्हाला माहीत नसतं.

आणि एक काम, जे कुठलाच क्लास आठवणीने सांगत नाही. डोमिसाइल, जातवैधता, नॉन-क्रीमी लेअर यांचे अर्ज अकरावीतच करून ठेवा. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाला चांगले गुण होते, आणि जुलैत त्याचे वडील सेतू केंद्रापुढच्या रांगेत उभे होते, पन्नास वर्षांपूर्वीचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत.